हॉलच्या भिंतीला अजून खिळा नाही

सुलभा,

मांडववाला काल भांडी न्यायला आला. मोजताना एक डाव कमी भरला. "राहू द्या काका, अशा वेळी काय एवढं," म्हणाला आणि निघून गेला. तू असतीस तर डाव सापडेपर्यंत त्याचा टेम्पो हलला नसता. दुपारी तो डाव मोरीत बादलीमागे सापडला. नेऊन द्यायला हवा, पण जिना उतरायचं म्हटलं तरी जिवावर येतंय.

तू गेल्यावरचं जलदान शनिवारी झालं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मग आपल्या हॉलमध्ये पंधरा-पंधरा माणसांच्या पंगती बसल्या. चार पंगती झाल्या. नऊ वर्षांत या घरात बाहेरचं माणूस पहिल्यांदा जेवलं. मी दारात हात जोडून उभा होतो आणि येणारा प्रत्येक जण एकच म्हणत होता, "घर छान आहे हो, यायचं राहूनच गेलं." राहून गेलं नव्हतं. तू कोणाला बोलावलंच नव्हतंस.

अक्काही आली. माझ्या या मोठ्या बहिणीने नऊ वर्षांत आपला उंबरा ओलांडला नव्हता. "घर घेतलं आन् चार मानसांचं तोंड गोड केलं न्हाय. घरभरनीचं बोलावनं येईल तवाच आत पाय टाकीन," असं एकदा म्हणाली ती म्हणालीच. अलिबागला बाजाराला आली की आपल्या बिल्डिंगखाली रिक्षात बसून राहायची आणि तू तिला वरून चहा नेऊन द्यायचीस. एक हट्टी वर, एक हट्टी खाली आणि मी मधे जिन्यात. शनिवारी ती आत आली, भिंतींवरून नजर फिरवली, खुर्चीवर ठेवलेल्या तुझ्या फोटोपुढे बसली आणि म्हणाली, "सुलभे, असं बोलावतात व्हय गं?" मला तिथे उभं राहवेना. मी मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

तुझा नियम होता, कर्ज फिटल्याशिवाय घरभरणी नाही. "घर बँकेचं, आपण राखणदार. राखणदाराने पंगती घालायच्या नसतात." लोकांना तो चिक्कूपणा वाटायचा. त्यांना आपली चौदा वर्षांची भाड्याची खोली माहीत नव्हती. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चौदा वर्षं आपलं कॅलेंडर दाराच्या कडीला लटकत होतं आणि बुद्धांचा फोटो कपाटावर टेकून उभा होता. प्रज्ञा लहानपणी विचारायची, बाबा, आपले बुद्ध सारखे उभे का असतात? या घराची चावी हातात पडली त्या दिवशी मी हौसेने हातोडी आणि पावशेर खिळे घेऊन आलो. तू खिळे माझ्या हातातून काढून घेतलेस. "ज्या भिंतीचं मुद्दल फिटेल, त्याच भिंतीला खिळा," म्हणालीस. मला वाटलं, दोन महिन्यांत विसरशील.

तू विसरणारी नव्हतीस. दर वर्षी महागाई भत्त्याचा फरक आला, दिवाळीचं काही हाती लागलं की ते जास्तीचे पैसे मी बँकेत भरून यायचो आणि त्या संध्याकाळी तू शिरा करून घरात फिरायचीस. पहिल्या वर्षी मोरी आपली झाली. मोरीला तू खिळा ठोकलास आणि त्याला माझा टॉवेल लावलास. दुसऱ्या वर्षी ओट्याची भिंत. कॅलेंडर तिथे गेलं. मग आतली खोली, एका वर्षी अर्धी, पुढच्या वर्षी उरलेली. जगातली माणसं कर्ज रुपयांत फेडतात, माझी बायको भिंतींत फेडत होती. मी चारचौघांत थट्टा करायचो, पण टॉवेल घेताना रोज बरं वाटायचं हेही खरं.

पैसे साठवायची तुझी तऱ्हा निराळी. लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं तू जपून ठेवायचीस, पिवळी, गुलाबी, सोनेरी कडेची. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती पाकिटं ओट्यावर मांडली जायची. किराणा, गॅस, वीज, प्रज्ञाची फी, आजारपण. सगळ्यात जाड पाकीट 'मुद्दल'. त्यात फॉल-बिडिंगचे पैसे जायचे आणि मुंबईकरांच्या त्या बंगल्याचेही. समुद्राकडच्या त्या बंगल्याची चावी तुझ्याकडे होती. आठवड्यातून दोनदा जाऊन खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, परत बंद करायचं. मालक वर्षातून आठ दिवस मांडव्याला बोटीतून उतरून यायचे. "त्यांच्या भिंतींना किती खिळे आहेत हो," एकदा तू म्हणालीस, "आणि बघायला घरात माणूस नाही."

आपण भांडलो ते यावरूनच. बाकी कशावरून भांडायला आपल्याकडे फुरसत होती कुठे? मी म्हणायचो, वीस वर्षांचं कर्ज आहे, वीस वर्षांत फेडू, तोवर माणसासारखं जगू. तू म्हणायचीस, वीस वर्षांनी आपण असू याची चिठ्ठी बँक देते का? मी म्हणायचो, म्हणूनच तर आज खाऊ. तू म्हणायचीस, म्हणूनच तर आज फेडू. दोघांचं कारण एकच, आणि तरी आठ-आठ दिवस अबोला. खरं कोण होतं ते आता कोणाला विचारू?

आता जे सांगायचं होतं आणि सांगितलं नाही, ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी मी पैसे भरायला गेलो, तेव्हा प्रज्ञाचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या बुटाचा तळ निघाला होता आणि मी आत पुठ्ठा घालून कचेरीत जात होतो. खिडकीतल्या माणसाने फॉर्म पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते, एक 'हप्ता कमी', दुसरा 'मुदत कमी'. पहिली दोन वर्षं मी तू पढवल्याप्रमाणे दुसऱ्यावर खूण केली होती. या खेपेला तो माणूस म्हणाला, "हप्ता कमी केला तर हातात थोडे राहतील ना, काका." मागे रांग होती. मी थकलो होतो, सुलभा. मी पहिल्या चौकोनावर खूण केली.

घरी आलो तर तू शिरा परतत होतीस. "मुदतच ना?" तू विचारलंस. "हो," मी म्हणालो. एवढंच. तेवढ्या एका 'हो'वर पुढची सात वर्षं गेली. हप्ता माझ्याच खात्यातून कापला जायचा, जुना हप्ता धरून उरणारा पगार मी तुझ्या हातात ठेवायचो, फरक माझ्या खिशात. वाचलेले पैसे पहिल्या वर्षी महिन्याला हजाराच्या आतबाहेर होते. पुढे दर वर्षी मी पुन्हा त्याच चौकोनावर खूण करत गेलो आणि ते वाढत गेले. तू मात्र जुन्याच हप्त्याचा हिशेब धरून वर्षं मोजत होतीस.

त्या पैशांतून मी रविवारची मासळी आणू लागलो. तुझ्या पाकिटांत मासळीला जागा नव्हती. फार तर महिन्यातून एकदा बांगडा. तुला पापलेट किती आवडायचं! म्हणून मी थाप मारली की कचेरीतला म्हात्रे आहे ना, त्याच्या भावाची होडी आहे, तो देतो. स्टीलच्या डब्यात मासळी यायची आणि तू खूश होऊन कालवण करायचीस. पण फुकटचं घेणं तुला कुठे पचायला? आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवणं तर त्याहून नाही. सोमवारी तो डबा भरून माझ्या पिशवीत. कधी पोह्याचे पापड, कधी कडवे वाल, कधी पांढऱ्या कांद्याची अर्धी माळ, कधी जवळ्याची चटणी. किराण्याच्या पाकिटातून चिमटा काढून तू माझ्या थापेची परतफेड करत होतीस आणि मी तो डबा म्हात्रेच्या टेबलावर ठेवून मान खाली घालून बसायचो. त्याला म्हणायचो, बायकोने दिलंय, सहज.

सगळेच पैसे मासळीत गेले असंही नाही. बूट घेतले. चहा पाजला, प्यायलो. प्रज्ञाला फी कमी पडली तेव्हा कचेरीच्या सोसायटीतून मिळाले म्हणून आणून दिले. उरलेले कुठे गेले मला सांगता येत नाही. तुझी पाकिटं होती, माझा खिसा होता. खिशाला लेबल नसतं.

पनवेलच्या दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात तू डोळे उघडून विचारलंस, "किती राहिले?" मला वाटलं दिवस विचारतेस. तू हप्ते विचारत होतीस. मी म्हणालो, "दोन." तुझ्या हिशेबाने दोनच राहायला हवे होते. तू किती दिवसांनी हसलीस! मग थांबत थांबत सांगितलंस, "घरभरणीला कडवे वालच करा. जड काही नको. आणि अक्कांना गाडी पाठवा, रिक्षा नको." मी हो हो म्हणत होतो. त्या वेळी खरं सांगणारा माणूस कसा असतो मला माहीत नाही. मी तसा नाही एवढं कळलं.

शनिवारी मी वालच करवले. अक्काला गाडी पाठवली. गुरुवारीच प्रज्ञाला तांदळाच्या डब्यात एक पाकीट सापडलं होतं, सोनेरी कडेचं, त्यावर तुझ्या अक्षरात 'घरभरणी'. आचाऱ्याला त्यातूनच पैसे दिले. पुरून साठ रुपये उरले. पाकिटाबाहेर खर्च जाऊ द्यायचा नाही हे तू गेल्यावरही जमवलंस.

तिसऱ्या पंगतीला म्हात्रे होता. प्रज्ञा वाल वाढत होती. त्याच्यापुढे थांबली आणि म्हणाली, "काका, तुमच्या पापलेटांची आई फार आठवण काढायची." म्हात्रेच्या गळ्यात तुळशीची माळ. जन्मात त्याने मासळीला हात लावलेला नाही. त्याच्या घरात आजोबांपासून भातशेती, होडी कुठली? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि म्हणाला, "व्हय, द्यायचो कधीमधी." माळकरी माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि खाली बघून भात कालवू लागला.

जाताना त्याने मला जिन्यात गाठलं. "गायकवाड, एक सांगू? पयल्या पयल्यांदा डब्यात जवल्याची चटनी यायची. सुकी मासलीच ती, मी वॉचमनला द्यायचो. मंग एकदा वयनी कचेरीत आल्या, तुमचा डबा घेऊन. मी चा पाजला त्यांना. त्याच्यामागून चटनी कवा आली न्हाय. पापड, वाल, कांदे, सगलं आलं, चटनी न्हाय. मला वाटलं, वयनींनी गल्यातली माल बघितली."

सुलभा, तो दिवस मला आठवतो. मी डबा विसरलो होतो आणि तू भर उन्हात तो घेऊन आली होतीस. संध्याकाळी मी घरी आल्यावर तू काही बोलली नाहीस. त्या रविवारीही मी मासळी आणली आणि तू नेहमीसारखं विचारलंस, "म्हात्रे भावजींनी दिली?" मी हो म्हणालो. तू खोबरं वाटायला घेतलंस.

म्हणजे मासळी विकतची आहे हे तुला कळलं होतं. पैसे कुठून येतात हेही कळलं होतं का? की नवऱ्याने चहा-विडीतून वाचवले असतील एवढंच समजलीस? ताकाला जाऊन भांडं मी लपवत होतो आणि भांडं भरून देणारी तू होतीस. एकदा तरी विचारायचंस. मी तिथल्या तिथे कोसळलो असतो, पण पुढच्या खेपेला दुसऱ्या चौकोनावर खूण केली असती. तुझा मला राग येतो. आणि राग येतो त्याच क्षणी ते सहा वर्षांपूर्वीचं कालवण जिभेवर येतं, आणि वाटतं, ही बाई कळून-सवरून माझ्यासोबत जेवली.

रविवारी सकाळी प्रज्ञाने हातोडी काढली. हॉलमध्ये खिडकीशेजारी तुझी पेन्सिलची फुली आहे. बुद्धांचा फोटो शेवटी एकदा तिथे बसणार होता. "बाबा, आईला खुर्चीवर किती दिवस ठेवायचं?" ती म्हणाली. "इथेच लावते. बुद्धांच्या शेजारी."

"तिथे नको," मी म्हणालो. "ती भिंत फिटली नाही अजून."

"दोनच हप्ते राहिलेत ना? आई म्हणाली होती मला."

मग मी तिला आणि मुक्कामाला राहिलेल्या अक्काला, दोघींना सगळं सांगितलं. सांगताना वाटलं होतं हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. प्रज्ञाने हातोडी खाली ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. अक्काने ती उचलून भिंतीकडेला सरकवली. मग म्हणाली, "म्हंजे ती गेली ती खोट्या हिशेबावर."

"व्हय," मी म्हणालो.

सोमवारी मी बँकेत गेलो. तुझ्या 'मुद्दल' पाकिटातले पैसे होते, बंगल्याच्या मालकांनी तुझे म्हणून पाठवलेले होते, तेवढे घेतले. खिडकीत आता एक मुलगी बसते. तिने फॉर्म सरकवला आणि विचारलं, "हप्ता कमी करायचा की मुदत?" मी म्हणालो, "मुदत." आवाज बहुधा मोठा निघाला. शेजारच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली. हप्ताही जुन्याइतका वाढवून मागितला. तिने हिशेब करून कागद दिला आणि म्हणाली, "काका, तब्येत सांभाळून करा." अजून तीन वर्षं आणि काही महिने.

घरी येऊन कागद ओट्यावर पसरला आणि तुझ्या पद्धतीने भिंती मोजल्या. मोरी आपली. स्वयंपाकघर आपलं. आतली खोली पुरी आपली. हॉल नाही, बाल्कनी नाही. तुला नेण्याआधी हॉलमध्ये ठेवलं होतं, सुलभा. म्हणजे तू शेवटची निजलीस ती बँकेच्या जागेत, आणि ती जागा तुझी व्हायला हवी होती. ते माझ्यामुळे झालं नाही. याची माफी कशी मागतात मला ठाऊक नाही, म्हणून मी एवढंच केलं. ओट्यावरच्या खिळ्याचं कॅलेंडर काढलं आणि तिथे तुझा फोटो लावला.

अक्का पाठीमागून ओरडली, "रांदनीवर फोटो लावतात व्हय रं कुनी? तेलकट होईल ती."

"ही भिंत तिची आहे, अक्का. हॉल फिटला की तिकडे नेऊ. रोज पुसेन तोवर."

प्रज्ञाने पदराच्या, म्हणजे ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि फोटो जरा डावीकडे सरळ केला. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती, "चहा टाकू का?" एवढंच.

अक्का आज सकाळी गेली. निघताना तिने तुझ्या फोटोपुढे हात जोडले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि बाहेर गेल्यावर वळून मला म्हणाली, "ह्ये येनं मी धरत न्हाय. सुलभीच्या घरभरनीचं बोलावनं आलं की येईन. तवर मी खाली रिक्षातच."

बरं म्हणालो. तीन वर्षं चहा मी खाली नेऊन देईन.